आधी भिंत बघावी, मग बूस्टर

पुण्यातल्या कसबा पेठेत एका वाड्यात दुसऱ्या मजल्यावर बसून मी लोकांचे हिशेब लिहिते. गिऱ्हाइकं बहुतेक याच पेठेतली, काही शेजारच्या बुधवारातली: भांडीवाले, कापडवाले, एक-दोन डॉक्टर. पूर्वी वह्या-बिलांच्या पिशव्या घरी यायच्या, आता सगळं पोर्टलवर. महिन्याच्या वीस तारखेला जीएसटीचं ‘थ्री-बी’ भरायचं असतं. त्या संध्याकाळी पोर्टल आधीच धापा टाकत असतं, त्यात घरचं नेट गेलं की दंडाचं मीटर सुरू. त्यामुळे मोडेम, राउटर, बूस्टर या मंडळींशी माझा संबंध हौसेचा नाही, पोटापाण्याचा आहे. हळूहळू वाड्यातली बिऱ्हाडं आणि आळीतली दुकानंही ‘काकू, जरा बघता का’ म्हणून बोलवायला लागली. त्या फेऱ्यांमध्ये जे कळलं ते लिहिते आहे.

१. आपण कुठल्या भिंतींत राहतो ते आधी बघावं.

जाहिरातीतलं घर म्हणजे एक भलामोठा हॉल, मधोमध टीपॉयवर राउटर आणि चार कोपऱ्यांत हसणारी चार माणसं. आमच्याकडे दगडी जोतं, त्यावर विटा, माती आणि चुना. भिंत इतकी रुंद की कोनाड्यात समईसकट देव मावतात. या भिंती पाडून नवी इमारत बांधावी, तर तेही कित्येकांच्या हातात नाही. पेठेला लागून असलेला शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. पुरातत्त्व कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीशिवाय काही करता येत नाही. २९ सप्टेंबर २०२४ पासून पेठेच्या पोटातून मेट्रो धावते, ‘कसबा पेठ’ नावाचं स्थानकही आहे, पण वर माझ्या खोलीची भिंत आहे तिथेच आहे. पुरातत्त्व कायद्यावर भांडणारे भांडताहेत. मला वीस तारीख गाठायची असते.

वायफायच्या लहरी मुख्यतः दोन प्रकारच्या. २.४ गिगाहर्ट्झच्या जरा सावकाश, पण भिंतीतून बऱ्यापैकी पार होतात. ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान, पण जाड भिंत आली की मान टाकतात. मोडेमवर म्हणूनच बहुधा दोन नावं दिसतात आणि एकापुढे ‘५जी’ असं लिहिलेलं असतं. त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. आमच्या वाड्यातली निम्मी माणसं मात्र ‘फाइव्ह-जी घेतलंय, तरी चालत नाही’ म्हणून दोन भिंतींपलीकडून त्याच नावाला चिकटलेली असतात. त्यांना फक्त दुसरं नाव धरायला सांगितलं, तरी अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

वाड्याची आणखी एक गंमत. शेजारच्या खोलीत रेंज येत नाही, पण खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात येते. कारण मधे तुळया आणि तक्तपोशी आहे, वर मातीचा थर असला तरी भिंतीच्या मानानं पातळच. नव्या इमारतींत नेमकं उलटं. तिथे खोल्यांमधल्या भिंती बारीक, पण स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी असते, म्हणून वरच्या मजल्यावर रेंज पोचत नाही. फडके हौदाकडच्या नव्या बिल्डिंगमधल्या भाचीचा सल्ला माझ्या घरी आणि माझा तिच्या घरी चालत नाही तो यामुळे.

२. वायर आत येते तिथेच मोडेम ठोकू देऊ नये.

जोडणीला आलेल्या मुलाला पुढची दहा घरं गाठायची असतात. वायर रस्त्याकडच्या खिडकीतून आत आली की लगेच तिथेच खिळा मारून तो मोकळा होतो. मग मोडेमची निम्मी ताकद रस्त्यावरच्या रिक्षांना जाते. त्याला थांबवायचं, पाण्याचा पेला पुढे करायचा आणि म्हणायचं, ‘दादा, वायर अजून दोन खोल्या आत न्यायची आहे, जास्तीच्या वायरीचे पैसे मी देते.’ हे पैसे बूस्टरच्या पैशांपेक्षा नेहमीच कमी निघतात.

आत कुठे, तर दारांच्या रेषेत. वाड्यात ओळीनं खोल्या असतात आणि दारं एकासमोर एक असतात. लहरी भिंत फोडण्यापेक्षा दारातून जाणं पसंत करतात. मोडेम छातीच्या उंचीवर, मोकळा. टीव्हीच्या मागे, कपाटावर, देवघराच्या फळीखाली ठेवू नये. आमच्या खालच्या काकूंनी तर तो ‘दिसायला बरा दिसत नाही’ म्हणून भरतकामाच्या रुमालाखाली झाकला होता. रुमालानं रेंज अडत नाही, पण मोडेम तापतो, आणि तापलेला मोडेम दुपारी तीनच्या सुमारास आपणहून बंद पडून पुन्हा सुरू होतो. मग सगळे कंपनीला शिव्या घालतात.

३. तांबट आळीत राउटर छताला टांगावा.

पेशवाईपासून या आळीत तांब्याची भांडी घडताहेत. मठारकामाचे ठोके अजूनही ऐकू येतात, पूर्वीइतके नाहीत. तिथल्या एका दुकानाचे हिशेब माझ्याकडे आहेत. मालकांनी पुढच्या गल्ल्याजवळ मोडेम बसवला होता आणि मागच्या खोलीत बिलाचा संगणक. मधे छतापर्यंत रचलेले हंडे, घंगाळी आणि दोन-तीन बंब. संगणकावर रेंजची एकच काडी, तीही अधूनमधून. कंपनीचा माणूस दोनदा येऊन ‘लाइन क्लिअर आहे’ म्हणून गेला. लाइन क्लिअर होतीच. पण धातूवर लहर आदळली की पुढे जात नाही, परत फिरते, आणि तांब्याइतका वीज खेळवणारा धातू घरोघरी नसतो. त्या दुकानात मालाची भिंतच उभी होती. सणाच्या आधी माल वाढला की नेट मंदावायचं आणि दिवाळीनंतर आपोआप सुधारायचं. मालकांना वाटायचं, कंपनी मुद्दाम दिवाळीत त्रास देते.

मी फक्त मोडेम उंच करायला सांगितला. छताच्या तुळईला, मालाच्या वर. बूस्टर नाही, नवा प्लॅन नाही. तेव्हापासून कोणाच्याही घरी गेले की मी आधी धातू शोधते: लोखंडी कपाट, फ्रीज, मोठा आरसा (मागे धातूचा मुलामा असतो), पत्र्याची पार्टिशन. पाणीही लहरी पिऊन टाकतं, तेव्हा माशांची मोठी टाकी आणि भरलेली पिंपंही मोजावीत. पेठेत पाणी साठवायची सवय असल्यानं पिंपं सगळ्यांकडे असतातच.

४. बूस्टर नेट वाढवत नाही.

तपकीर गल्लीत कुठल्याही दुकानात ‘वायफायची रेंज येत नाही’ एवढं म्हणा, समोर दोन शिंगांचा पांढरा डबा येतो. ‘काकू, प्लगमध्ये खोचा आणि विसरा.’ बाजारातलं त्याचं नाव बूस्टर, खरं काम रिपीटरचं. जिन्यात उभा राहून खालच्या भाजीवाल्याचा भाव वरच्या आजींना ओरडून सांगणारा पोरगा असतो ना, तसा तो. आधी ऐकणार, मग सांगणार. दोन्ही एकदम जमत नाही, म्हणून साध्या, एकाच पट्ट्यावर चालणाऱ्या रिपीटरनं वेग साधारण निम्मा होतो. आणि पोराला खालचं नीट ऐकूच आलं नाही, तर तो वर काय सांगणार?

लोक नेमकी हीच जागा चुकवतात. जिथे रेंज अजिबात नाही, तिथेच बूस्टर लावतात. फोनवर वायफायच्या काड्या भरगच्च दिसतात, कारण फोन बूस्टरच्या जवळ असतो. पण बूस्टरला मोडेमकडून काहीच मिळत नसतं. ‘काड्या फुल आहेत, तरी गोल गोल फिरतंय’ हे वाक्य ऐकलं की मला जाऊन बघायचीही गरज वाटत नाही. बूस्टर अर्ध्या वाटेवर लावायचा, जिथे मोडेमची रेंज अजून चांगली आहे तिथे. दोन पट्ट्यांचा असेल तर बरा. महागडे ‘मेश’वाले संच येतात, त्यांचे डबे आपसात नीट बोलतात आणि घरभर एकच नाव राहतं. पण त्यांच्याही वाटेत दीड हाताची भिंत आली तर तेही हातच टेकतात.

इथेच एक सावधगिरी. त्याच गल्लीत मोबाइलच्या रेंजचा बूस्टरही विकायला असतो, गच्चीवर अँटेना लावायचा. वायफायचा रिपीटर आणि हा, दोन्ही दिसायला भाऊ वाटतात, पण हा परवानगीशिवाय बसवणं बेकायदा आहे. मोबाइल कंपन्यांच्या लहरींत तो ढवळाढवळ करतो आणि सगळ्या आळीची रेंज बिघडवतो. दुकानदार विचारल्याशिवाय सांगत नाही.

५. जमेल तिथे सरळ वायर टाकावी.

याला ‘आता वायरलेसच्या जमान्यात?’ म्हणून नाकं मुरडणारे भेटतात. मुरडू देत. साधी कॅट-सिक्स केबल १०० मीटरपर्यंत पूर्ण वेग नेते, भिंतीला जुमानत नाही आणि कधी रुसत नाही. भिंत फोडायचीही गरज नसते. वाड्यात झरोके असतात, तक्तपोशीत जुन्या वायरिंगची भोकं असतात. वायर त्यातून न्यायची, पलीकडच्या खोलीत कपाटात पडलेला जुना राउटर काढायचा, त्याला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाकायचं आणि वायर जोडायची. रिपीटरसारखा वेग निम्मा होत नाही. माझं हिशेबाचं टेबल आज या वायरीवर चालतं. वीस तारखेला मी वायफायवर विसंबत नाही.

६. शेजाऱ्यांचे चॅनेल बघावेत.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून आपल्याकडे विनापरवाना खुला आहे, म्हणून तो सगळ्यांचा आहे. पेठेत घराला घर लागून. फोनवर वायफायची यादी उघडली की खालपर्यंत सरकवत बसावं लागतं: वाड्यातली बिऱ्हाडं, समोरचं क्लिनिक, मंडळाचे कॅमेरे. सगळे एकाच जागेत बोलत असतात. या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. फुकटच्या ॲपवर कुठल्या चॅनेलवर गर्दी कमी ते दिसतं, मोडेमच्या सेटिंगमध्ये तो निवडायचा. रात्री नऊला पाहावं, दुपारी नाही. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो, म्हणून दूध गरम होईतो फोन अडखळतो. हे खरं आहे, कोणाच्या मनाचे खेळ नव्हेत.

७. स्पीड मोजायचा तर वायर लावून मोजावा.

फोनवर, दोन खोल्या सोडून, गादीवर पडून केलेल्या स्पीड टेस्टला अर्थ नाही. मोडेमला लॅपटॉप वायरनं जोडून जो आकडा येतो, तो कंपनीचा. बाकी सगळा आपल्या घराचा. या दोन आकड्यांत फरक मोठा असेल, तर कंपनीशी भांडून उपयोग नाही. शंभरचा प्लॅन असून फाइल उतरताना बारा-साडेबाराच दिसतात, म्हणून बोंब मारणारेही असतात. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, फाइल मेगाबाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. शिवाय जुन्या स्वस्त राउटरच्या पोर्टला १०० एमबीपीएसची मर्यादा असते. त्याच्यापुढे ३०० चा प्लॅन घेणं म्हणजे उरलेल्या दोनशेचे पैसे दान करणं.

लोकांना आकड्यांची भूक फार. देशाच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं, २०१३ मध्ये ते ५१२ झालं आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. नीट व्हिडिओ कॉलला चार-पाच एमबीपीएस पुष्कळ झाले. विक्रीचा फोन आला की ‘काकू, स्पीड वाढवून घ्या’ हा एकच मंत्र असतो. चार माणसांच्या घरात ज्याला रेंज मिळत नाही, त्याला ५०० च्या प्लॅननंही मिळणार नाही.

८. लाल दिवा लागला तर मोडेम बंद-चालू करत बसू नये.

फायबरच्या मोडेमवर ‘एलओएस’ असं लिहिलेला दिवा असतो. तो लाल झाला म्हणजे बाहेरून प्रकाशच येत नाही. मोडेम बंद-चालू करून तो विझणार नाही. हा दिवा विझलेला आणि बाकीचे नीट असतील, तरच बंद-चालू करून बघायचं.

आलेला मुलगा खिशातून छोटं मीटर काढून ‘पॉवर’ बघतो. तो आकडा विचारून घ्यावा. उणे विसाच्या आसपास असेल तर ठीक, उणे सत्तावीसच्या पलीकडे गेला की जोडणी शेवटच्या घटका मोजते आहे. अनेकदा तो ‘पॉवर लो आहे, वरून प्रॉब्लेम आहे’ म्हणतो आणि प्रॉब्लेम वर नसतो, खिडकीच्या खिळ्यावर असतो. फायबर म्हणजे केसाच्या जाडीची काच. ती खिळ्याभोवती घट्ट गुंडाळली की तुटत नाही, पण वळणावर प्रकाश बाहेर सांडतो. वळण सैल केलं की उणे सव्वीसचा आकडा बावीसवर येताना मी पाहिला आहे. तेव्हा जास्तीची वायर ताटलीएवढ्या वेटोळ्यात ठेवावी. त्यावर कपडे वाळत घालू नयेत. हे आमच्याकडे सांगावं लागतं.

९. तक्रारीचा कागद सोडू नये.

एकदा आमच्याकडे पुष्कळ दिवस नेट नव्हतं. कंपनीचं नाव इथे नको. रोज सकाळी मेसेज यायचा, ‘आपली तक्रार सोडवली आहे.’ आलं कोणीच नव्हतं. तक्रार बंद झाली की त्यांचा हिशेब सुधारतो, आपला दिवस नाही. हिशेबाच्या धंद्यात असल्यानं ही युक्ती मला ओळखीची वाटली.

मग मी फोनवर वाद घालणं सोडलं. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक तक्रारीला डॉकेट क्रमांक द्यावाच लागतो. तो मागून घेते. लाल दिव्याचा फोटो, शेजारी घड्याळ, ईमेलनं पाठवते. तक्रार न सोडवता बंद केली, तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपिलाच्या अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याला फी नाही, आणि त्यानं ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. अपिलाचा अर्ज पाठवला, तशी तिसऱ्या दिवशी शिडी दारात.

ग्राहक न्यायालयाचं दार टेलिफोनवाल्यांसाठी बंद आहे, असं पुष्कळ जण अजून सांगतात. २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं तसा समज पक्का झाला होता, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयानं दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक मंचापुढे चालतात असं स्पष्ट केलं. पुणेकराला हे माहीत नसावं, याचं वाईट वाटतं. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली ती याच शहरात, ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ मध्ये आला त्याच्या कितीतरी आधी.

आणखी एक कागद. कंपनी बदलताना जुना मोडेम परत केल्याची पावती घ्यावी. अनामत रक्कम अडकते ती इथेच.

१०. गुरुवारसाठी छोटा यूपीएस.

पुण्यात दुरुस्तीची वीज जाते ती गुरुवारी. मोडेमसाठी वहीएवढा यूपीएस मिळतो, तासन्‌तास टिकतो. घेताना मोडेमच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचावेत, बहुधा १२ व्होल्ट असतात. थेट फायबर असेल तर वाटेत कुठे वीज लागत नाही, नेट चालू राहतं. पण काही ठिकाणी शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर एक विजेचा स्विच असतो आणि तिथून साधी वायर घरी येते. त्या गच्चीवर वीज गेली, तर आपल्या यूपीएसनं फक्त मोडेमचे दिवे लुकलुकत राहतात. खरेदीच्या आधी हे विचारावं.

११. दुरुस्तीला येणाऱ्या मुलाकडून आळीचा नकाशा शिकून घ्यावा.

कॉल सेंटरला आपली पेठ माहीत नसते. ‘लँडमार्क सांगा’ म्हटल्यावर मी कसबा गणपती सांगितला, तर पलीकडून विचारणा झाली, ‘मॅडम, तो कुठल्या मॉलजवळ आहे?’ शिडी खांद्यावर घेऊन येणाऱ्या मुलाला मात्र प्रत्येक बोळ पाठ असतो. त्याला चहा द्यावा, घाई करू नये, आणि आपल्या वाड्याची वायर कुठल्या खांबावरच्या डब्यातून फुटते ते दाखवायला सांगावं. त्या एका डब्यातून कितीतरी घरं जोडलेली असतात. आपलं एकट्याचं नेट गेलंय की डब्यावरच्या सगळ्यांचं, हे शेजाऱ्यांना हाक मारून दोन मिनिटांत कळतं, आणि तक्रारीत ‘संपूर्ण डबा बंद’ असं लिहिलं की माणूस लवकर येतो.

आमचा डबा मंडळाच्या मांडवाच्या कोपऱ्यात येतो. भाद्रपदाच्या आधी पोरं खांब उभे करायला लागली की मी गॅलरीतून ओरडते, ‘अरे, त्या काळ्या डब्याला धक्का नको!’ पोरं खालून ‘हो काकू’ म्हणतात. त्यातल्या दोघांच्या घरचं नेट त्याच डब्यावर आहे.